चर्च ऑफ इंग्लंड, कॅथलिक की कम्युनिटी स्कूल? रोजच्या उपासनेच्या अंगानं एक तुलना

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी घरात मूल साडेतीन-चार वर्षांचं झालं की रिसेप्शनच्या, म्हणजे प्राथमिक शाळेतल्या पहिल्या वर्गाच्या, प्रवेशाचा फॉर्म भरायची वेळ येते. शेवटची तारीख १५ जानेवारी. फॉर्मवर किमान तीन शाळा लिहिता येतात, लंडनमध्ये सहा. घरापासून चालत जाता येईल अशा शाळा नकाशावर शोधल्या की त्यातली एखादी तरी चर्चची निघतेच. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न पडतो, 'चर्चची शाळा चांगली असते म्हणतात, पण रोज प्रार्थना करायला लावतात का?' त्यावर एक जण लिहितो, 'काही नसतं हो, नुसती असेंब्ली असते.' दुसरी लिहिते, 'आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा आता जेवायच्या आधी हात जोडून आमेन म्हणतो.' दोघंही खोटं बोलत नसतात. ते वेगवेगळ्या शाळांबद्दल बोलत असतात आणि पाटीवरच्या नावावरून तो फरक कळत नाही.

निकाल, वर्गातली गर्दी, ऑफस्टेडचा (शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा) शेरा या गोष्टींची तुलना सगळीकडे वाचायला मिळते, म्हणून इथं ती करत नाही. इथं फक्त रोजची उपासना आणि ज्याला शाळा 'स्पिरिच्युअल डेव्हलपमेंट' म्हणतात ती मुलाची आत्मिक जडणघडण, या दोनच गोष्टी बघू. शाळाही तीनच प्रकारच्या घेऊ: चर्च ऑफ इंग्लंडची (म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत अँग्लिकन चर्चची), कॅथलिक, आणि कुठल्याच धर्मसंस्थेची नसलेली कम्युनिटी स्कूल. तिन्ही सरकारी पैशावर चालतात, तिन्हीकडे फी नाही. फी घेणाऱ्या खासगी शाळांना उपासनेचा कायदा लागू होत नाही, त्यामुळे त्या या तुलनेबाहेर.

कायदा तिघांनाही तोच

बहुतेकांचा समज असा की देव नको असेल तर कम्युनिटी स्कूल घ्यावी, प्रश्न मिटला. कायद्यानं तो मिटत नाही. १९४४ च्या शिक्षण कायद्यानं इंग्लंड-वेल्समधल्या सरकारी अनुदानावरच्या प्रत्येक शाळेत रोजची सामूहिक उपासना सक्तीची केली. १९८८ च्या कायद्यानं त्यात भर घातली की ज्या शाळा कुठल्या धर्मसंस्थेच्या नाहीत, तिथली उपासनाही मुख्यतः आणि ढोबळमानानं ख्रिस्ती स्वरूपाची हवी. हीच तरतूद १९९८ च्या कायद्यात आली आणि आजही तशीच आहे. प्रत्येक दिवस ख्रिस्ती असायला हवा असं मात्र नाही. एका सत्रातल्या बहुतेक उपासना तशा असल्या की पुरे. वस्तीत इतर धर्मांची मुलं जास्त असतील तर स्थानिक धर्मशिक्षण समितीकडे अर्ज करून शाळेला या 'ख्रिस्ती स्वरूपा'तून सूट मिळवता येते. अशा सूट घेतलेल्या शाळा आहेत.

प्रत्यक्षात काय होतं? कम्युनिटी स्कूलमध्ये 'कलेक्टिव्ह वर्शिप'ची बहुतेक ठिकाणी असेंब्ली झाली आहे. सोमवारी हेडटीचर चिकाटीवर किंवा दयाळूपणावर गोष्ट सांगतात, एक दिवस गाणी असतात, शुक्रवारी प्रमाणपत्रं आणि वाढदिवस. कुठं शेवटी डोळे मिटून 'आता थोडा विचार करूया' असं होतं, कुठं तेही नाही. काही गावांकडच्या कम्युनिटी स्कूलमध्ये मात्र व्हिकर, म्हणजे स्थानिक चर्चचे धर्मगुरू, दर पंधरवड्याला येतात आणि प्रभूची प्रार्थना मुलांना पाठ असते. तेव्हा 'कम्युनिटी' हा शब्द वाचून निर्धास्त होऊ नका, तिथंही विचारा.

चर्चच्या शाळा इतक्या का, याचं उत्तर इतिहासात आहे. सरकारनं सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी घेतली ती १८७० च्या कायद्यानं. त्याच्या कितीतरी आधी, १८११ मध्ये, गरिबांच्या मुलांसाठी चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळा काढायला नॅशनल सोसायटी स्थापन झाली होती. पुढं या शाळा सरकारी व्यवस्थेत सामील झाल्या, पण आपलं चर्चपण घेऊन. आज चर्च ऑफ इंग्लंडच्या साडेचार हजारांहून अधिक शाळा आहेत आणि त्यातल्या बहुतेक प्राथमिक. खेड्यात तर अनेकदा तीच एक शाळा असते. त्यामुळे या शाळा मुळात त्या परिसरातल्या सगळ्या मुलांसाठी काढलेल्या होत्या. कॅथलिक शाळा प्रामुख्यानं कॅथलिक घरांतल्या मुलांसाठी निघाल्या. उपासनेतला पुढचा सगळा फरक या एका गोष्टीतून येतो.

सकाळची पंधरा-वीस मिनिटं

चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळेत एखाद्या सकाळी जाऊन बसलात तर साधारण हे दिसेल. वर्गावर्गानं मुलं हॉलमध्ये येतात, न बोलता, संगीत चालू असतं. मांडी घालून जमिनीवर बसतात, सगळ्यात लहान पुढं, इयर सिक्सची मागं किंवा बाकांवर. समोर एका टेबलावर कापड अंथरलेलं, त्यावर क्रॉस, बायबल आणि मेणबत्ती. बऱ्याच शाळांत ही मेणबत्ती तीन वातींची असते, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्यासाठी. एक मुलगी पुढं येऊन शिक्षकांच्या मदतीनं ती पेटवते. 'प्रभू तुमच्याबरोबर असो,' असं एक जण म्हणतो आणि अडीचशे मुलं उत्तर देतात. मग गोष्ट. समजा, जक्कयची. बुटका जकातदार, गर्दीत येशू दिसेना म्हणून झाडावर चढला. गोष्ट सांगायला पुष्कळदा स्थानिक चर्चमधली निवृत्त मंडळी येतात, डोक्याला पंचा गुंडाळून, घरून आणलेली शिडी झाड म्हणून उभी करून. मुलं खदखदून हसतात. मग प्रश्न: ज्याच्याशी कोणीच बोलत नाही अशा माणसाच्या घरी येशू जेवायला का गेला असेल? शेजारच्याशी एक मिनिट बोला. मग शांतता.

आता लक्ष द्यायची जागा आली. प्रार्थनेआधी चांगल्या शाळेतले शिक्षक असं काहीसं म्हणतात: 'मी आता एक प्रार्थना म्हणणार आहे. तुम्हाला ती आपली वाटली तर शेवटी आमेन म्हणा. नाहीतर शांत बसून विचार करा.' हे काही त्या शिक्षकांचं वैयक्तिक औदार्य नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या २०२१ च्या मार्गदर्शनात उपासना सर्वसमावेशक, निमंत्रण देणारी आणि प्रेरणा देणारी असावी असं स्पष्ट आहे. निमंत्रण म्हटलं की नाही म्हणायची मोकळीक आलीच. हे वाक्य ज्या शाळेत ऐकू येतं ती शाळा आणि जिथं 'हात जोडा, डोळे मिटा' एवढंच ऐकू येतं ती शाळा, दोन्हींच्या पाटीवर 'सी ऑफ ई'च लिहिलेलं असतं.

कॅथलिक शाळेत उपासना अशी एका जागी, एका वेळी गोळा झालेली नसते. ती दिवसभर झिरपत असते. सकाळी हजेरीनंतर वर्गात प्रार्थना, जेवणाआधी प्रार्थना, घरी जाताना प्रार्थना. प्रत्येकीच्या आधी आणि नंतर क्रॉसची खूण, कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. प्रत्येक वर्गात प्रार्थनेचं टेबल आणि त्यावरचं कापड चर्चच्या ऋतूप्रमाणे बदलतं: ख्रिसमसच्या आधी आणि उपवासकाळात जांभळं, सणाला पांढरं, एरवी हिरवं. मे महिन्यात मरियेची भक्ती, ऑक्टोबरमध्ये रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. याशिवाय हॉलमधली सामूहिक उपासना आणि मिस्सा, म्हणजे फादर ज्यात पवित्र भाकर देतात ती उपासना. मिस्साच्या वेळी कॅथलिक नसलेली मुलं छातीवर हाताची घडी घालून पुढं जातात आणि फादर त्यांना नुसता आशीर्वाद देतात, किंवा ती जागेवर बसून राहतात. कोणी जबरदस्ती करत नाही. पण वर्गातल्या सत्तावीस जणांना जे मिळतं ते आपल्याला मिळत नाही, हे सात वर्षांच्या मुलाला समजतं. तिसरीत, म्हणजे इयर थ्रीमध्ये, हे जास्तच जाणवतं. बहुतेक ठिकाणी फर्स्ट होली कम्युनियनची, म्हणजे ती भाकर पहिल्यांदा घेण्याच्या सोहळ्याची, तयारी त्याच वर्षी चालते आणि पांढरे कपडे, पार्टी, भेटवस्तू यांच्याच गप्पा रंगतात.

शेजाऱ्यांच्या ज्या मुलाची गोष्ट ग्रुपवर आली, तो बहुधा कॅथलिक शाळेतला. आजी जेवणाआधीचा श्लोक म्हणायला सांगते आणि नातू आधी क्रॉस करतो, मग श्लोक म्हणतो. यात घाबरण्यासारखं मला काही दिसत नाही. चार वर्षांचं मूल जे रोज तीनदा करतं ते घरी करणारच. पण ज्या घरात हे चालणार नाही, त्यांनी हे आधी गृहीत धरावं.

तिन्हींमधला फरक एका खुणेनं ओळखता येतो: गोष्ट सांगताना शाळा कोणाच्या वतीनं बोलते. कम्युनिटी स्कूल म्हणते, ख्रिस्ती लोक असं मानतात. कॅथलिक शाळा म्हणते, आपण असं मानतो. चर्च ऑफ इंग्लंडची शाळा या दोहोंच्या मध्ये कुठंतरी असते, आणि नेमकी कुठं हे हेडटीचर, व्हिकर आणि गव्हर्नर मंडळींवर (शाळेच्या व्यवस्थापन समितीवर) ठरतं. म्हणून निवड करताना सगळ्यात जास्त गृहपाठ याच शाळेचा करावा लागतो.

'आत्मिक विकास' म्हणजे करतात काय

हा शब्द सगळ्याच शाळांच्या संकेतस्थळांवर असतो, कारण मुलांचा आध्यात्मिक, नैतिक, सामाजिक आणि सांस्कृतिक विकास ऑफस्टेड प्रत्येक शाळेत बघतं. ऑफस्टेडच्या लेखी आध्यात्मिक विकासात देव असायलाच हवा असं नाही. स्वतःच्या श्रद्धेचा, मग ती धार्मिक असो वा नसो, विचार करता येणं, शिकण्यातला आनंद आणि कुतूहल, कल्पनाशक्ती, स्वतःच्या अनुभवाकडे वळून बघणं, एवढ्यावर भागतं. कम्युनिटी स्कूल इथं थांबते. फुलपाखराच्या अळ्या वर्गात वाढवून सोडून देताना मुलांच्या तोंडून निघालेला 'आ' हासुद्धा तिच्या हिशेबात आत्मिक क्षण असतो. मला तो पटतोही.

चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळा याच्यापुढं जाऊन त्याची पद्धत बसवतात. खिडकी, आरसा आणि दार ही त्रयी पुष्कळ शाळांत वापरतात. खिडकीतून जगाकडे बघायचं, आरशात स्वतःकडे, आणि दारातून बाहेर पडून काहीतरी करायचं. सुगीच्या सणाला फूड बँकेसाठी डबे गोळा करणं हे दार. शाळेत भूक या विषयावर झालेली चर्चा ही खिडकी. 'मला कधी भूक लागूनही जेवण मिळालं नाही असं झालंय का?' हा आरसा. वर्गाच्या कोपऱ्यात चिंतनाची जागा असते: गालिचा, एक झाड, त्यावर कागदी पानं, मुलं त्यावर प्रार्थना किंवा काळजी लिहून टांगतात. ती पानं वाचा, शाळा कळते. 'थँक यू गॉड फॉर माय फॅमिली' अशी एकसारख्या अक्षरात वीस पानं असतील तर शिक्षकांनी लिहून घेतली आहेत. 'आमचा हॅमस्टर कुठं गेला' किंवा 'बाबा परत घरी येऊ दे' अशी चार वाकडी पानं असतील तर त्या कोपऱ्याचा मुलांना खरंच उपयोग होतो आहे.

आणि इथं चर्चच्या शाळेचा एक फायदा मराठी हिंदू घरांच्या लक्षात सहसा येत नाही. तिथं देव, प्रार्थना, मरण, क्षमा हे शब्द मोठ्यानं बोलायचे असतात. 'आमच्या घरी देवघर आहे, आजी रोज दिवा लावते,' हे मूल तिथं सहज सांगतं आणि ऐकणाऱ्याला त्यात विचित्र काही वाटत नाही, कारण तिथंही रोज कोणीतरी मेणबत्ती लावत असतं. ज्या शाळेत धर्म म्हणजे वर्षातून एकदा दिवाळीला रांगोळी काढायचा विषय, तिथं तेच मूल गप्प बसण्याची शक्यता जास्त.

कॅथलिक शाळेत आत्मिक वाढ वेगळी काढून दाखवत नाहीत, ती श्रद्धेतली वाढच असते. धर्मशिक्षणाला अभ्यासाच्या एकूण वेळेपैकी दहा टक्के वेळ द्यावा असा बिशपांचा नियम आहे. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये पाच ते दहा टक्क्यांच्या मध्ये अपेक्षित. दहा टक्के म्हणजे आठवड्याला अडीच तासांच्या आसपास. इतिहास-भूगोलापेक्षा हे जास्त भरतं.

सण

सणांच्या बाबतीत फरक कमी आहे, कारण नाताळचं नाटक तिन्हीकडे होतं. डोक्याला टॉवेल बांधलेले मेंढपाळ आणि पंख वाकडे झालेले देवदूत कम्युनिटी स्कूलमध्येही दिसतील. चर्च ऑफ इंग्लंडची मुलं सुगी, ख्रिसमस, ईस्टर आणि वर्षअखेर अशी वर्षातून काही वेळा चर्चमध्ये चालत जातात. शिवाय क्रिस्टिंगल असतो: एक संत्रं म्हणजे जग, त्याभोवती लाल फीत, चार काड्यांवर मिठाई आणि सुका मेवा, मधोमध पेटती मेणबत्ती. मुलांच्या दृष्टीनं हा वर्षातला सर्वोत्तम सण, कारण तो नंतर खाता येतो. दिवाळी तिन्हीकडे कमी-जास्त होते. ती कशी होईल हे शाळेच्या प्रकारापेक्षा वर्गात किती भारतीय मुलं आहेत आणि कोणती आई फराळ घेऊन उभी राहते यावर जास्त अवलंबून.

नको असेल तर

मुलाला सामूहिक उपासनेतून किंवा धर्मशिक्षणातून पूर्ण अथवा अंशतः बाहेर ठेवायचा हक्क पालकांना आहे. तिन्ही प्रकारच्या शाळांत सारखाच. कारण द्यावं लागत नाही, पत्र पुरतं. शाळेनं मुलाची देखरेख करायची असते, पर्यायी उपासना द्यायचं बंधन शाळेवर नसतं.

हक्क सारखा असला तरी त्याचा उपयोग तिन्हीकडे सारखा होत नाही. कम्युनिटी स्कूलमध्ये पंधरा मिनिटं बाहेर बसलं की काम झालं. कॅथलिक शाळेत जेवणाआधीची प्रार्थना, वर्गातला क्रॉस, दर तासाला येणारे संतांचे उल्लेख यातून मुलाला कसं वगळणार? तिथं संपूर्ण माघार घेऊन राहायचं असेल तर ती शाळा मुळात घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये अंशतः माघार सगळ्यात व्यवहार्य ठरते: रोजच्या उपासनेला मूल बसेल, पण चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या उपासनेला येणार नाही, किंवा येईल पण पुढं जाणार नाही. हेडटीचरांशी बोलून हे ठरवता येतं.

पूर्ण माघारीचं पत्र देण्याआधी एक गोष्ट शाळेत जाऊन बघून घ्या: बाहेर ठेवलेलं मूल बसतं कुठं? ग्रंथालयात सहायक शिक्षिकेबरोबर पुस्तक वाचत, की ऑफिसबाहेरच्या खुर्चीवर एकटं, पाय हलवत, जिथून हॉलमधलं हसणं ऐकू येतं? पाच वर्षांच्या मुलाला उपासनेतल्या शब्दांपेक्षा ती खुर्ची जास्त लक्षात राहील. जक्कयचं नाटक चालू असताना आपण बाहेर का, हे त्याला समजावून सांगायची तयारी असेल तरच पत्र द्या.

प्रवेश कोणाला मिळतो

चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळांत दोन पोटप्रकार आहेत. व्हॉलंटरी कंट्रोल्ड शाळेचे प्रवेश स्थानिक काउन्सिल (पालिका) ठरवते, आणि बहुतेक ठिकाणी भावंडं आणि अंतर हेच निकष असतात. धर्मशिक्षणही तिथं सहसा स्थानिक मान्य अभ्यासक्रमानुसार. उपासना मात्र चर्चच्या परंपरेनुसारच. व्हॉलंटरी एडेड शाळेत गव्हर्नर स्वतः प्रवेश ठरवतात आणि जागा कमी पडल्या तर चर्चमध्ये नियमित येणाऱ्यांना प्राधान्य देऊ शकतात. कॅथलिक शाळांत बाप्तिस्मा झालेली कॅथलिक मुलं आधी. जागा उरल्या तर कोणत्याही धर्माच्या शाळेला कोणालाही नाकारता येत नाही, हे लक्षात ठेवा. शाळा आता अकॅडमी, म्हणजे काउन्सिलच्या अखत्यारीबाहेरची सरकारी पैशावरची शाळा, झाली असेल तर ती आधी यातल्या कुठल्या प्रकारची होती ते विचारा, कारण अकॅडमी झाल्यावरही सहसा तीच घडी चालू राहते.

केवळ प्रवेशासाठी दोन वर्षं रविवारी चर्चमध्ये जाऊन बसणारी कुटुंबं आहेत, इंग्रज आणि भारतीय दोन्ही. कोणाला नावं ठेवायची नाहीत, पण एडेड शाळा हवी म्हणून जे नाटक सुरू होतं ते मुलासमोरच करावं लागतं. चालत जाण्याच्या अंतरावर कंट्रोल्ड शाळा असेल तर त्याची गरज पडत नाही.

अहवाल कोणते वाचायचे

ऑफस्टेडचा अहवाल उपासनेबद्दल फारसं काही सांगत नाही. चर्च ऑफ इंग्लंड आणि मेथडिस्ट शाळांची वेगळी तपासणी होते, तिला सायॅम्स म्हणतात. २०२३ पासून तिच्यात श्रेणी नाहीत. सामूहिक उपासनेमुळे मुलं आणि मोठी माणसं आत्मिकदृष्ट्या कशी फुलतात, हा तिथला एक ठरलेला प्रश्न असतो. कॅथलिक शाळांची तपासणी २०२२ पासून राष्ट्रीय पातळीवरची कॅथलिक स्कूल्स इन्स्पेक्टोरेट करते. तिथं सामूहिक उपासनेला स्वतंत्र श्रेणी मिळते, एक ते चार. हे लक्षात घेऊन वाचा: उपासनेत 'एक' मिळवणारी कॅथलिक शाळा म्हणजे जिथं उपासना खोलवर, सतत आणि मनापासून होते. ज्याला ती नको आहे त्याच्यासाठी हा इशाराही आहे. कम्युनिटी स्कूलसाठी असा स्वतंत्र अहवाल नसतो, त्यामुळे तिथं ओपन डेला, म्हणजे पालकांना शाळा दाखवतात त्या दिवशी, विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

ओपन डेला 'तुम्ही सगळ्या धर्मांचा आदर करता का?' असं विचारू नका, हो म्हणतात. 'प्रार्थना म्हणायची नसेल तर मूल त्या वेळी काय करतं?' असं विचारा. उत्तर लगेच आलं तर प्रश्न त्यांच्यासमोर आधी आलेला आहे. हेडटीचर क्षणभर थांबून 'असं कधी झालं नाही' म्हणाल्या तर आपलं मूल तिथं पहिलं असेल. आणि शक्य असेल तर एका उपासनेला बसू द्या म्हणावं. बहुतेक शाळा नाही म्हणत नाहीत.

कोणी काय घ्यावं

देवघर असलेल्या, पण कर्मठ नसलेल्या हिंदू घरासाठी जवळची चर्च ऑफ इंग्लंडची कंट्रोल्ड शाळा हा माझ्या मते चांगला पर्याय. ज्या घरात गणपतीशेजारी साईबाबा आणि एखाद्या प्रवासातून आणलेली मरियेची मूर्ती गुण्यागोविंदानं राहतात, तिथं जक्कयचीही सोय होते. अट एकच, निमंत्रणाचं ते वाक्य तिथं ऐकू यायला हवं.

बौद्ध किंवा विवेकवादी, नास्तिक घराचा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो अनेकदा हिंदू घराच्या प्रश्नात गुंडाळला जातो. आणखी एक देव मानून घेण्याची पळवाट तिथं नाही, कारण आक्षेप कुठल्या देवाला नसून निर्मात्या देवाच्या कल्पनेलाच आहे. त्यांनी कम्युनिटी स्कूल आधी बघावी, आणि तिथंही असेंब्लीत काय चालतं ते तपासावं. शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवणारी असेंब्ली अनेक कम्युनिटी स्कूलमध्ये आहे. बौद्ध घराला ती जवळचीही वाटेल.

मराठी ख्रिस्ती घरांची गोष्ट निराळी. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची मंडळी चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळेत परकी नाहीत. १९७० मध्ये स्थापन झालेलं हे चर्च अँग्लिकन परिवारातलंच आहे. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' घरी म्हणणारं मूल शाळेत तीच प्रार्थना इंग्रजीत म्हणेल. त्यांची तक्रार झालीच तर उलट दिशेची असते: उपासना फारच पातळ आहे, बायबलपेक्षा 'मूल्यं'च जास्त. त्यांनी एडेड शाळा बघावी. वसईकडच्या कॅथलिक कुटुंबांसाठी उत्तर बहुतेकदा सरळ कॅथलिक शाळा. त्यांनी बाप्तिस्म्याचा दाखला गावाहून वेळेत मागवावा आणि इथल्या पॅरिशमध्ये नाव नोंदवावं, कारण अनेक शाळा फादरांची सही असलेलं प्रमाणपत्र मागतात.

ज्यांना शाळेतच हिंदू उपासना हवी त्यांच्यासाठी सरकारी अनुदानावरच्या हिंदू शाळाही आहेत. पहिली, कृष्ण अवंती, २००८ मध्ये लंडनच्या हॅरोमध्ये सुरू झाली. अशा शाळा मोजक्याच ठिकाणी आहेत. तिथंही उपासना एका विशिष्ट वैष्णव परंपरेची असते, तेव्हा ओपन डेचा तो प्रश्न तिथंही विचारावा.

फॉर्म भरताना एक व्यवहाराची गोष्ट. एडेड आणि कॅथलिक शाळांसाठी काउन्सिलच्या फॉर्मखेरीज शाळेचा वेगळा पुरवणी फॉर्म असतो आणि तो थेट शाळेकडे द्यायचा असतो. तो राहिला तर अर्ज बाद होत नाही, पण धर्माच्या निकषाखाली तुमचा विचार होत नाही आणि नाव यादीत खाली जातं. प्रवेशाचा निकाल १६ एप्रिलला लागतो.